दुकानाच्या नावाचा ब्लॉक कोणाकडे?

गिरगावातल्या एका छापखान्यात माझे मामा जुळारी, म्हणजे शिशाचे खिळे (अक्षरांचे ठसे) जुळवून मजकूर लावणारे, होते. बिलबुकं, लेटरहेड, लग्नपत्रिका, दिवाळीच्या फराळाची हँडबिलं अशी किरकोळ कामं तिथे चालत. दुकानाचं नाव वळणदार अक्षरात हवं असेल, तर खिळ्यांनी भागत नसे. चित्रकाराकडून अक्षरं काढून आणायची, ब्लॉकमेकरकडे त्यांचा जस्ताचा ब्लॉक करायचा, तो लाकडी ठोकळ्यावर ठोकायचा आणि मग पायाने चालवायच्या ट्रेडल छपाई मशीनवर चढवायचा. पैसे दुकानदार मोजायचा, ब्लॉक मात्र छापखान्याच्या कपाटात राहायचा. दुसरीकडे छापून घ्यायचं झालं की तो मागून आणावा लागे. मागायला संकोच वाटे, म्हणून बरेच जण वर्षानुवर्षं एकाच छापखान्याला धरून राहत.

आज लालबागच्या चिवडा गल्लीतला दुकानदार किंवा दादरला घरून डबे देणारी ताई मोबाईलवर जाहिरात तयार करते, फोटो उजळवते, गुगलवर दुकानाची वेळ टाकते आणि व्हॉट्सॲपवर दरपत्रक पाठवते. कॅनव्हा (जाहिरातीच्या मांडणीसाठी), फोटोपी (फोटोसाठी), गुगल फॉन्ट्स (अक्षरांसाठी), वर्डप्रेस (वेबसाइटसाठी) ही नावं आता कोणाला नवी नाहीत. कोणतं साधन चांगलं याच्या याद्या खूप निघतात. ही साधनं आली कुठून, आणि त्यांत मराठी अक्षराला जागा कशी मिळाली, हे सहसा कोणी सांगत नाही. ते कळलं की साधन निवडताना काय तपासायचं तेही कळतं.

मुंबईत मराठी छपाईचा धंदा उभा राहिला तो पंचांगांच्या आणि पोथ्यांच्या जोरावर. गणपत कृष्णाजींनी १८३१ साली शिळाप्रेसवर, म्हणजे दगडावरून छापणाऱ्या यंत्रावर, पंचांग छापलं. जावजी दादाजींनी १८६९ साली निर्णयसागर छापखाना काढला. त्यांचं लहानपण अमेरिकन मिशनच्या छापखान्यात खिळे घासण्यात गेलं होतं. देवनागरीला काना, मात्रा, वेलांट्या आणि जोडाक्षरं असल्यामुळे इंग्रजीपेक्षा कितीतरी जास्त खिळे लागत, तेही शेकड्यांनी. निर्णयसागरच्या अक्षराला पुढे जो मान मिळाला, तो या अवघड कामात त्यांनी घेतलेल्या कष्टांमुळे. मराठी माणसाला आपलं अक्षर छापील रूपात नीट दिसावं, ही ओढ संगणकाच्या खूप आधीची आहे.

फोटोचंही तसंच. स्टुडिओत निगेटिव्हवर बारीक पेन्सिल चालवून चेहऱ्यावरचे डाग घालवणारे रिटचिंगवाले असत. अंधाऱ्या खोलीत प्रिंट काढताना पुठ्ठ्याच्या तुकड्याने उजेड अडवला, की तेवढा भाग उजळ राहायचा. त्याला डॉज करणं म्हणत. जास्त वेळ उजेड दिला की भाग गडद व्हायचा, ते बर्न करणं. फोटोशॉपमध्ये हीच दोन अवजारं याच नावांनी आहेत. ‘अनशार्प मास्क’ हे विचित्र वाटणारं नावही तिथूनच आलं, कारण कडा ठळक करण्यासाठी निगेटिव्हची मुद्दाम धूसर केलेली प्रत वापरत असत. ही परंपरा माहीत असलेला माणूस फोटो एडिटिंग पटकन शिकतो, असं मी पाहिलं आहे. बटण काय करतं यापेक्षा उजेड कुठे हवा, हे त्याला आधी दिसतं.

मग डीटीपी, म्हणजे संगणकावर पान जुळवणं, आलं. पेजमेकर १९८५ साली बाजारात आलं, कोरल ड्रॉ १९८९ साली आणि थॉमस व जॉन नॉल या भावांचं फोटोशॉप १९९० साली. मुंबईत नव्वदच्या दशकात गल्लोगल्ली डीटीपी सेंटरं उघडली. लॅमिंग्टन रोडवरून जोडून आणलेला संगणक, लेझर प्रिंटर आणि समोर गिऱ्हाईक बसायला एक स्टूल, एवढ्यावर धंदा सुरू व्हायचा. हातातली खिळ्यांची काठी सोडून माझ्या मामांनी पन्नाशीच्या आसपास कीबोर्ड घेतला. जुळाऱ्यांच्या पिढीतल्या किती जणांना ते जमलं नाही, हे मी जवळून पाहिलंय. त्यांचं कसब वाया गेलं याचं मला आजही वाईट वाटतं.

या काळात मराठीची एक मोठी अडचण होती, आणि तिच्यावर थोडं थांबायला हवं. श्री-लिपी, आकृती, आयएसएम अशा प्रणालींनी मराठी टायपिंग शक्य केलं, हे त्यांचं ऋण खरंच मोठं. पण प्रत्येक प्रणालीचे अक्षरांचे क्रमांक वेगळे. इंग्रजी अक्षराच्या जागी मराठी आकार बसवलेला असायचा. तो फॉन्ट नसलेल्या यंत्रावर फाइल उघडली, की ‘श्री गणेशाय नमः’च्या जागी इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा कालवा दिसे. म्हणून छापखान्यातून निरोप यायचा, ‘फॉन्ट कर्व्ह करून पाठवा.’ कर्व्ह केलं की अक्षराचं चित्र होतं. ते छापता येतं, मात्र त्यातली एक वेलांटीही पुन्हा टाइप करून बदलता येत नाही. जस्ताच्या ब्लॉकचीच ही नवी आवृत्ती होती. कोरल ड्रॉची मूळ सीडीआर फाइल ऑपरेटरच्या यंत्रात, दुकानदाराच्या हातात फक्त छापील कागद. माझ्या ओळखीच्या एका मसालेवाल्यांचं डीटीपी सेंटर अचानक बंद झालं. त्यांच्या पाकिटावरचं वीस वर्षांचं अक्षर रिकाम्या पाकिटावरून पुन्हा रेखाटून घ्यावं लागलं, आणि ते हुबेहूब जमलं नाही ते नाहीच.

यावरचा खरा उपाय म्हणजे युनिकोड, ज्यात प्रत्येक अक्षराला जगभर एकच क्रमांक असतो. देवनागरी त्यात १९९१च्या पहिल्या आवृत्तीपासून आहे. पण क्रमांक ठरला म्हणून अक्षर पडद्यावर दिसत नाही. जोडाक्षरं जुळवणारी यंत्रणा लागते आणि तसा फॉन्ट लागतो. विंडोज २००० बरोबर ‘मंगल’ हा फॉन्ट आला. त्याची रचना र. कृ. जोशी यांची. जे. जे. कलाशाळेतून शिकलेले, उल्का जाहिरात संस्थेत काम केलेले आणि पवईच्या आयआयटीतल्या आयडीसी या डिझाइन केंद्रात शिकवणारे हे मुंबईचे अक्षरकार. सरकारी अर्जांपासून बँकेच्या पत्रांपर्यंत आपण सगळ्यांनी मंगल वाचला, पण त्यामागचा माणूस थोड्यांनाच माहीत आहे. २००८ साली ते गेले.

इंटरनेटची गोष्ट याच शहराशी बांधलेली आहे. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सामान्य लोकांसाठी इंटरनेट खुलं केलं, आणि सुरुवातीच्या मोजक्या शहरांत मुंबई होती. खात्याला वर्षाला हजारो रुपये पडत. छोट्या दुकानदाराने तिकडे पाहण्याचा प्रश्नच नव्हता. त्याच्याच बारा दिवस आधी, ३ ऑगस्टला, सर्वोच्च न्यायालयाने एक निकाल दिला होता, जो जाहिरातीच्या इतिहासात माझ्या मते तेवढाच महत्त्वाचा आहे. टाटा प्रेसची मुंबईतली यलो पेजेस, म्हणजे धंद्यांच्या फोन-पत्त्यांचं पुस्तक, महानगर टेलिफोन निगमला थांबवायची होती. न्यायालयाने सांगितलं की व्यापारी जाहिरात हाही अभिव्यक्तिस्वातंत्र्याचाच भाग आहे. पिवळ्या पानांच्या त्या जाडजूड पुस्तकात नाव असणं म्हणजे तेव्हा धंद्याला पत्ता मिळणं होतं. १९९६ साली मुंबईतच जस्ट डायल सुरू झालं, आणि पुस्तक न चाळता फोनवरून दुकान विचारण्याची सवय लागली. गुगलवर ‘जवळचा इलेक्ट्रिशियन’ शोधणारे आपण त्याच सवयीचे वारस आहोत.

वेब डिझाइन शिकण्याची सोय मात्र पहिल्यापासून फुकट होती, आणि त्याला कारण आहे. ३० एप्रिल १९९३ रोजी जिनिव्हाच्या सर्न संस्थेने वर्ल्ड वाइड वेबचं तंत्र कोणीही विनामूल्य वापरावं म्हणून खुलं केलं. शिवाय कुठल्याही पानाचा एचटीएमएल, म्हणजे ते ज्यात लिहिलेलं असतं तो मजकूर, ब्राउझरमध्ये उघडून वाचता येत होता. सायबर कॅफेत तासाचे पैसे भरून दुसऱ्याच्या पानाचा सोर्स फ्लॉपीवर उतरवून घ्यायचा आणि घरी शांतपणे उलगडायचा, अशी शाळा अनेकांनी केली. १९९८ साली नॉर्वेत सुरू झालेलं डब्ल्यूथ्रीस्कूल्स हे शिकवणीचं संकेतस्थळ आजही नवशिक्याला उपयोगी पडतं. मोझिलाचं एमडीएन हे वेबच्या माहितीचं संकेतस्थळ त्याहून खोल आणि अचूक. मी स्वतः शंका आली की तिथेच जाते.

पानं ठेवायची कुठे, हा पुढचा प्रश्न. १९९४ साली निघालेल्या जिओसिटीजने फुकट जागा दिली, आणि २००९ साली याहूने ते बंद केलं तेव्हा लाखो घरगुती पानं गेली. याउलट २००३ साली आलेलं वर्डप्रेस मुक्त परवान्याचं, म्हणजे कोणीही फुकट वापरावं असं, असल्याने ते स्वतः भाड्याने घेतलेल्या जागेवर (होस्टिंगवर) ठेवता येतं, उचलून दुसरीकडे नेता येतं. थोडं शिकावं लागतं. तरी छोट्या धंद्याला मी अजूनही तेच सुचवते.

फोटोशॉपची किंमत परवडत नाही म्हणून मुंबईतल्या कितीतरी सेंटरांत त्याच्या चोरीच्या प्रती चालत, हे उघड गुपित होतं. २०१३ साली अडोबीने नवी आवृत्ती कायमची विकत देणं थांबवून मासिक वर्गणी लावली. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियात कॅनव्हा सुरू झालं, आणि दुसरीकडे इव्हान कुत्स्किर या तरुणाचं फोटोपीही. फोटोपी ब्राउझरमध्ये चालतं, फोटोशॉपच्या पीएसडी फाइल उघडतं आणि फोटो सर्व्हरवर न पाठवता आपल्याच यंत्रात काम करतं. त्याआधीपासून, फोटोंसाठी १९९६ साली आलेलं गिंप आणि रेखाटनासाठी २००३ सालचं इंकस्केप ही फुकट साधनं होतीच. इंकस्केपमध्ये जुन्या कोरलच्या बऱ्याच फाइल उघडतात. मजकूर जुन्या फॉन्टमध्ये असेल तर तोच कालवा पुन्हा दिसतो, तेव्हा मजकूर नव्याने टाइप करण्याची तयारी ठेवावी.

तयार फोटोंच्या बाबतीत एक गैरसमज फार पसरलेला आहे. गुगलच्या शोधात दिसणारा फोटो फुकट नसतो. १९५७च्या कॉपीराइट कायद्याने त्यावर बहुधा कोणाचा तरी हक्क असतो. निर्मात्याने घातलेल्या अटींवर काम वापरू देणारे क्रिएटिव्ह कॉमन्सचे परवाने २००२ साली निघाले. विकिमीडिया कॉमन्स, अनस्प्लॅश, पिक्साबे यांसारखे साठे त्यानंतरचे. अनस्प्लॅशने २०१७ साली आणि पिक्साबेने २०१९ साली स्वतःचा परवाना लावला, म्हणून परवाना दर वेळी वाचावा. आणि आपल्या कोथिंबीरवडीचा फोटो खिडकीच्या उजेडात आपणच काढावा. परदेशी साठ्यातली वडी गिऱ्हाइकाला लगेच ओळखू येते. पैसे देऊन फोटोग्राफरकडून काढून घेतला असेल, तर वेगळा करार नसल्यास त्या फोटोचा पहिला हक्क काढून घेणाऱ्याचा असतो, हेही याच कायद्यात आहे. जस्ताच्या ब्लॉकच्या वेळी हे माझ्या मामांच्या गिऱ्हाइकांना कोणी सांगितलं नव्हतं.

मला सर्वांत आनंद देणारा बदल अक्षरांचा आहे. गुगल फॉन्ट्स २०१० साली सुरू झालं आणि पुढे तिथे देवनागरीला जागा मिळाली. त्यातले ‘मुक्त’, ‘बलू’, ‘मोदक’ हे फॉन्ट मुंबईच्या ‘एक टाइप’ या अक्षरकारांच्या संस्थेचे. ‘मुक्त’मध्ये लांब मजकूर सहज वाचता येतो, बलू पाटीवर शोभतो आणि मोदक नावासारखाच गुबगुबीत आहे. मुक्त परवान्यामुळे ते पाकिटावर, पाटीवर, वेबसाइटवर कुठेही वापरता येतात, कोणाला पैसे द्यावे लागत नाहीत. २०२२ साली राज्याने कायदा दुरुस्त करून सर्व दुकानांच्या पाट्यांवर मराठी देवनागरी सक्तीची केली. पुढच्या वर्षी सर्वोच्च न्यायालयाने दुकानदारांना दोन महिन्यांची मुदत दिली. तेव्हा शहरभर घाईघाईने नव्या पाट्या लागल्या. काहींवर ‘र्‍य’ मोडलेला, काहींवर ऱ्हस्व-दीर्घाचा घोळ. चांगली अक्षरं फुकट हाताशी असताना असं व्हावं, हे मनाला लागतं.

प्रचाराची साधनं मोबाईल डेटा स्वस्त झाल्यावर, २०१६ नंतर, खऱ्या अर्थाने दुकानदारापर्यंत पोचली. व्हॉट्सॲप बिझनेस २०१८च्या जानेवारीत भारतात आलं. त्याआधी २०१७ साली गुगलने छोट्या धंद्यांना दुकानाच्या नोंदीतूनच फुकट वेबसाइट बनवून दिली होती. दहा मिनिटांत पान तयार व्हायचं. अनेकांनी तो पत्ता व्हिजिटिंग कार्डावर छापला, पाटीवर रंगवला. मार्च २०२४ मध्ये गुगलने त्या सगळ्या वेबसाइट बंद केल्या. नोंद राहिली, पान गेलं आणि छापलेली कार्डं रद्दीत गेली.

म्हणून माझ्याकडे कोणी विचारायला आलं, की साधनाच्या आधी मी तीन गोष्टी विचारते. डोमेन, म्हणजे वेबसाइटचा पत्ता, कोणाच्या नावावर घेतलं आहे? बोधचिन्हाची मूळ एसव्हीजी फाइल (कितीही मोठी केली तरी न बिघडणारी) तुमच्याकडे आहे का? गिऱ्हाइकांचे नंबर फक्त ॲपमध्ये आहेत की वहीतही आहेत? डोमेन बहुधा ते बनवून देणाऱ्याच्या नावावर निघतं. ते आधी स्वतःच्या नावावर करून घ्यायला लावते.

मामांचा छापखाना बंद झाला तेव्हा कपाटातले ब्लॉक भंगारात निघाले होते. त्यांनी त्यातले ओळखीच्या दुकानांचे निवडून काढले आणि रविवारी पिशवी घेऊन एकेकाला नेऊन दिले. एक दुकान तोवर उठून गेलं होतं. तो ब्लॉक माझ्या टेबलावर आहे, त्यावरचं नाव उलटं कोरलेलं.