'स्मॉल सेल'मध्ये स्मॉल काय असतं?

फुफ्फुसाच्या कॅन्सरचा रिपोर्ट हातात धरून आलेल्या रुग्णाच्या मुलाचा चेहरा जरा सैल दिसला, की पुढचा प्रश्न मला आधीच ऐकू येतो. "डॉक्टर, स्मॉल लिहिलंय. म्हणजे लहानच आहे ना?"

नाही हो. लहान आहे ती पेशी. गाठीच्या आकाराशी किंवा स्टेजशी त्या शब्दाचा काहीएक संबंध नाही. उलट फुफ्फुसाच्या कॅन्सरमधला हा सगळ्यांत घाईचा प्रकार. निदान होतं तेव्हा तीनपैकी साधारण दोघांत तो छातीची एक बाजू ओलांडून गेलेला असतो. म्हणून सर्जन इथे क्वचितच सुरी उचलतो. केमो आणि रेडिएशन यांवर मुख्य भिस्त.

सूक्ष्मदर्शकाखाली बघा. पेशी लिम्फोसाइटच्या (एक छोटी पांढरी रक्तपेशी) तिप्पट व्यासाच्या आतली. पेशीद्रव जवळपास नाहीच, सगळं केंद्रकच, आणि आतलं क्रोमॅटिन (डीएनए आणि प्रथिनांचा गुंता) बारीक रव्यासारखं दाणेदार. केंद्रकं एकमेकांना इतकी खेटलेली की गर्दीच्या लोकलमधल्या माणसांसारखी शेजाऱ्याच्या आकारात बसतात. आणि नाजूक तर इतकी, की ब्रॉन्कोस्कोपीच्या (श्वासनलिकेत दुर्बीण घालून तपासणी) चिमट्यात तुकडा दाबला गेला तर काजळ फिसकटावं तशी ओढली जातात. असा फिसकटलेला निळा पट्टा दिसला की आम्ही सावध होतो.

आता दुसरी बाजू : 'नॉन-स्मॉल सेल'. फुफ्फुसाच्या कॅन्सरपैकी सुमारे ८५ टक्के यात मोडतात, पण हे आजाराचं नाव नाही. फणस आणि केळं दोघांना 'आंबेतर' म्हणण्यासारखं आहे. अडेनोकार्सिनोमा बहुधा फुफ्फुसाच्या कडेला, ग्रंथी बनवणारा. स्क्वेमस बहुधा मधल्या मोठ्या श्वासनलिकांजवळ, केराटिन (त्वचेत, नखांत असतं ते प्रथिन) बनवणारा. अडेनोत ईजीएफआरसारख्या जनुकांतले बदल शोधून त्यांवर नेमकी गोळी देता येते. त्यामुळे तुकड्यात पुरेशा पेशी असताना 'नॉन-स्मॉल सेल कार्सिनोमा' एवढंच लिहून सही ठोकणारा रिपोर्ट मला अर्धवट वाटतो. अशा वेळी टीटीएफ-१ (अडेनोकडे बोट दाखवणारी) आणि पी४० (स्क्वेमसकडे) या पेशींतली प्रथिनं रंगवून दाखवणाऱ्या चाचण्या लावा, नाव पूर्ण करा. (टीटीएफ-१ पॉझिटिव्ह म्हणजे अडेनोच, हेही डोक्यातून काढा, स्मॉल सेलमध्येही तो बहुतेकदा पॉझिटिव्ह येतो.)

कारणांचं थोडक्यात. स्मॉल सेल आणि स्क्वेमस हे तंबाखूच्या धुराचे सख्खे. कधीच न ओढणाऱ्यात स्मॉल सेल दिसला तर मी स्लाइड पुन्हा बघतो. अडेनोही ओढणाऱ्यांना होतो, पण आयुष्यात विडी-सिगारेटला हात न लावलेल्यांना झाला तर बहुधा हाच. हवेचं प्रदूषण, घरातला कोळशाचा धूर, रेडॉन (जमिनीतून येणारा किरणोत्सर्गी वायू), अ‍ॅस्बेस्टॉस ही बाकीची मंडळी.

मात्र 'कधीच नाही' हे उत्तर नीट तपासा. एका केसपेपरवर 'स्मोकिंग : नाही' असं ठळक लिहिलेलं. स्लाइडवर स्मॉल सेल. काकांना पुन्हा विचारायला लावलं. "सिगारेट? छे! आपली विडी. दिवसाला एक बंडल."