ओढायचं किती, पेलायचं किती

२०१२ सालच्या ऑक्टोबरात एका रात्री, लॉस एंजेलिसजवळच्या इंगलवूडमध्ये एका टोयोटा टुंड्रा पिकअपने 'एन्डेव्हर' हे अवकाशयान पुलावरून ओढून नेलं. यान आणि त्याच्याखालचा गाडा मिळून वजन सुमारे १,३२,००० किलो. यान विमानतळावरून कॅलिफोर्निया सायन्स सेंटरकडे निघालं होतं. बाकीच्या वाटेवर त्याला वाहून नेणारी अवजड यंत्रं त्या पुलाला झेपणारी नव्हती, म्हणून तेवढ्या टप्प्यापुरता हलका गाडा आणि पुढे पिकअप अशी जोडणी केली. कंपनीची जाहिरातही झाली. टुंड्राच्या माहितीपत्रकात मात्र ओढण्याची क्षमता होती साधारण १०,००० पौंड, म्हणजे साडेचार टन.

यातलं खोटं काहीच नाही. सपाट रस्ता, चालत्या माणसाचा वेग आणि सगळं मिळून पाव मैलाचं अंतर. एवढ्यात वजन नुसतं हलतं ठेवायचं असतं. तीन टनांचा पिकअप आणि पाच टनांचा ट्रेलर सपाटीवर हलता ठेवायला शंभरेक किलोचा जोर पुरतो. १२ टक्के चढावर तोच हजार किलोच्या घरात जातो. उतारावर थांबणं, वळणावर आवरणं आणि तापलेलं इंजिन सांभाळणं हे आणखी वेगळं. त्यामुळे 'हा पिकअप किती ओढतो' या प्रश्नाला 'कुठे, कसा आणि किती वेळा' हे जोडल्याशिवाय उत्तरच नाही. अमेरिकेतल्या वाहनउद्योगाने मात्र कित्येक दशकं ते न जोडताच उत्तर दिलं.

सुरुवात एका लोहारापासून होते. १९१४ साली डेट्रॉइटमधल्या सिबली नावाच्या लाकूड व्यापाऱ्याला आपली होडी मिशिगनच्या उत्तरेकडच्या तळ्यावर न्यायची होती. ऑगस्ट फ्रुहॉफ या लोहाराने त्याच्या फोर्ड गाडीला जोडता येईल असा दोन चाकांचा गाडा करून दिला. तो इतका जमला की सिबलीने लाकूड वाहायलाही तसेच गाडे मागवले. फ्रुहॉफने त्याला नाव दिलं 'सेमी-ट्रेलर'. किती वजन चालेल हे ठरवायला तेव्हा लोहाराचा अंदाज आणि गिऱ्हाइकाची हिंमत, एवढंच होतं. पुढे १९२५ मध्ये फोर्डने मॉडेल टीला मागे हौदा लावून कारखान्यातूनच पिकअप विकायला काढला, किंमत २८१ डॉलर. 'हाफ-टन', 'वन-टन' ही नावं त्याच काळच्या रिवाजातली, हौद्यात किती माल बसतो यावरून पडलेली. आजचा 'हाफ-टन' अर्ध्या टनापेक्षा बराच जास्त माल नेतो. नाव तेवढं चिकटून राहिलं.

ट्रेलर सामान्य माणसाच्या हाती आला तो भाड्याने. १९४५ मध्ये सॅम शोएन आणि त्याची पत्नी ॲना मेरी यांनी वॉशिंग्टन राज्यातल्या रिजफील्डमधून ५,००० डॉलरच्या भांडवलावर यू-हॉल सुरू केली. घर बदलणारा माणूस एका गावात ट्रेलर घेणार आणि दुसऱ्या गावात सोडणार. ज्याने जन्मात ट्रेलर ओढलेला नाही अशा माणसाला सूत्रं कोण शिकवणार? त्याला एका वाक्यात समजेल असा नियम हवा. यू-हॉल आजही सांगते की साठ टक्के वजन ट्रेलरच्या पुढच्या अर्ध्या भागात भरा.

हा नियम आपल्याकडच्या बैलगाडीवाल्याला शिकवावा लागला नसता. मागे जास्त भरलं की गाडी उलाळ होते, जू वर उचललं जातं. पुढे जास्त भरलं की सगळं ओझं बैलांच्या मानेवर. ट्रेलरचंही तेच. त्याच्या दांड्याने पिकअपच्या हिचवर, म्हणजे मागच्या जोडणीच्या आकड्यावर, ट्रेलरच्या एकूण वजनाच्या दहा ते पंधरा टक्के भार टाकायला हवा, हा अमेरिकेतला ठोकताळा. कमी पडला तर वेगात ट्रेलर शेपूट हलवू लागतो आणि शेवटी पिकअपलाही फिरवतो. जास्त झाला तर पिकअपची मागची बाजू बसते, पुढची चाकं हलकी होतात आणि स्टिअरिंग ऐकेनासं होतं. साखर कारखान्याच्या वाटेवर, चढाला, उसाच्या दोन ट्रॉल्या ओढताना ट्रॅक्टरची पुढची चाकं अधांतरी झालेली ज्याने पाहिली आहेत त्याला पुढची चाकं हलकी होणं म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको. युरोपात कॅराव्हॅनवाले दांड्यावर याहून कमी भार ठेवतात, पण तिथे ट्रेलर ओढताना वेगावर मर्यादा असते. जर्मनीत साधारणपणे ताशी ८० किलोमीटर. अमेरिकेतला वेग घ्यायचा आणि युरोपातला भार, असं चालत नाही.

माहितीपत्रकातले आकडे फुगत गेले ते स्पर्धेपायी. प्रत्येक कंपनी आपापल्या रीतीने चाचणी घेई आणि स्वतःच निकाल लावी. एकाने ९,००० पौंड छापले की दुसऱ्याचे पुढच्या वर्षी ९,२००. गाडी तीच, चेसिस तीच. दोन आकड्यांची तुलना करायची तर दोन्हींमागची रीत एक हवी, आणि ती नव्हती.

ती २००८ मध्ये कागदावर आली. सोसायटी ऑफ ऑटोमोटिव्ह इंजिनिअर्सने 'जे२८०७' हे मानक प्रसिद्ध केलं. यातली सगळ्यांत नावाजलेली परीक्षा ॲरिझोनातल्या डेव्हिस डॅम घाटाची. कोलोरॅडो नदीकाठच्या बुलहेड सिटीजवळून वाळवंटात चढत जाणारा ११.४ मैलांचा रस्ता. बाहेर किमान ३८ अंश सेल्सिअस तापमान हवं, मागे पूर्ण वजनाचा ट्रेलर, आणि एसी पूर्ण जोरात. वेग ताशी ४० मैलांखाली उतरता कामा नये. मागे जोडचाकं असलेल्या मोठ्या पिकअपला ३५ ची सवलत. 'घाट लागला, एसी बंद कर, गाडी तापेल' हे ऐकत खंडाळा चढलेल्या माणसाला या अटीतली मेख लगेच कळावी.

याशिवाय १२ टक्के चढावर जागच्या जागी थांबून, पाच मिनिटांत पाच वेळा, सोळा सोळा फूट वर चढून दाखवायचं. पुढच्या गिअरमध्येही आणि रिव्हर्समध्येही. (१२ टक्के चढावर पाच मिनिटांत पाच वेळा सुरुवात, ही अट युरोपच्या नियमांतही आहे.) थांब्यापासून ताशी ६० मैलांचा वेग गाठायला तीस सेकंद. पिकअपमध्ये चालक आणि एक सहप्रवासी धरायचे, प्रत्येकी १५० पौंड, म्हणजे ६८ किलो. इतक्या सडपातळ मंडळींचा अमेरिकन पिकअप मी तरी पाहिलेला नाही, पण निदान सगळ्यांना माप एकच झालं.

मानक ऐच्छिक होतं आणि तिथेच घोडं अडलं. टोयोटाने २०११ च्या टुंड्रापासून ते पाळलं, तेव्हा तिचे स्वतःचे आकडे शेकडो पौंडांनी खाली आले. बाकीच्यांनी हे पाहिलं आणि सावध झाले. जो प्रामाणिक होईल त्याचाच आकडा जाहिरातीत सर्वांत लहान दिसणार, मग पहिला कोण होणार? फोर्डने सांगितलं की आपला नवीन एफ-१५० पिकअप आल्यावर पाहू. मग मानक पाळण्यापासून जनरल मोटर्सनेही पाऊल मागे घेतलं. फोर्ड, जनरल मोटर्स आणि रॅम या तिन्ही अमेरिकन कंपन्यांचे हाफ-टन पिकअप या रेषेवर यायला २०१५ ची मॉडेलं उजाडली. त्याच सुमारास, २०१४ मध्ये, आणखी एक गंमत बाहेर आली. काही मॉडेलांची माल पेलण्याची कमाल क्षमता काढताना जादा चाक, जॅक, रेडिओ असल्या वस्तू हिशेबातून वगळल्या जात होत्या. गाडीचं वजन जितकं कमी दाखवाल तितका माल जास्त बसतो, सरळ वजाबाकी आहे.

पिकअप घेणाऱ्याला खरा चावतो तो हा दुसरा आकडा, ओढण्याचा नव्हे तर पेलण्याचा. त्याचा इतिहास टायरांतून आला आहे. ऑगस्ट २००० मध्ये फायरस्टोनने लाखो टायर परत मागवले. त्यांतले बरेच फोर्ड एक्सप्लोररवर होते आणि अमेरिकी सरकारने या प्रकरणात २७१ मृत्यू मोजले. त्याच वर्षी नोव्हेंबरात 'ट्रेड' (TREAD) हा वाहनसुरक्षेचा कायदा झाला. टायरवर किती भार येतोय हे चालकाला कळावं, म्हणून पुढच्या नियमांनुसार चालकाच्या दाराच्या चौकटीवर नवं स्टिकर आलं. माणसं आणि सामान मिळून अमुक किलोच्या वर कधीही नको, असं त्यावर लिहिलेलं असतं. माहितीपत्रकातला आकडा त्या मॉडेलच्या सर्वांत अनुकूल नमुन्याचा असतो. स्टिकरवरचा तुमच्या दारात उभ्या असलेल्या गाडीचा. सनरूफ घेतलं, चारही चाकांना जोर घेतला, की तो तेवढा घटतो.

समजा, माहितीपत्रक म्हणतं ५,००० किलो ओढेल आणि दारावर लिहिलंय ७०० किलो. ५,००० किलोच्या ट्रेलरचा दांडा बारा टक्क्यांनी ६०० किलो टेकवणार, आणि तो भार पिकअपच्या पाठीवरच मोजायचा. उरले १००. भार विभागणाऱ्या हिचचे चाळीसेक किलो गेले. राहिले साठ, त्यात चालकसुद्धा मावणं कठीण. बायको, दोन मुलं, शीतपेटी आणि कुत्रा घरी. उलट मोजत आलं की ट्रेलर साडेतीन टनांच्या आसपास, कधी त्याहूनही खाली येतो. शिवाय पिकअप आणि ट्रेलर मिळून एकत्रित वजनाची मर्यादा असते, आणि प्रत्येक ॲक्सलची, म्हणजे चाकांच्या आसाची, वेगळी. यातली जी आधी संपेल तिथे थांबायचं.

हिशेब कागदावर बसला तरी भरलेली गाडी काट्यावर घालणं उरतंच. अमेरिकेतल्या ट्रक थांब्यांवर १९७७ पासून 'कॅट' कंपनीचे वजनकाटे आहेत. तक्त्यांवर गाडी अशी उभी करायची की पुढचं ॲक्सल पहिल्यावर, मागचं दुसऱ्यावर आणि ट्रेलर तिसऱ्यावर. चिठ्ठीवर तीन वजनं आणि एक बेरीज छापून येते. मग ट्रेलर सोडून एकट्या पिकअपचं वजन पुन्हा करायचं. आधीच्या चिठ्ठीवरच्या पिकअपच्या दोन ॲक्सलांतून ते वजा केलं की जो फरक निघतो, तो दांड्याचा भार.