जलरंगातील व्यक्तिचित्रण

पारदर्शक जलरंगांनी कागदावर व्यक्तीच्या साम्याबरोबरच तिची वृत्ती व त्या वेळची मनःस्थिती प्रकट करणारी चित्रपद्धती. प्रस्तुत नोंदीत तिच्या अध्ययनाचा विचार मुख्यतः सातारा–सांगली परिसराच्या संदर्भात केला आहे.

या पद्धतीचे दख्खनमधील मूळ वादग्रस्त आहे. कागदावरील व्यक्तिचित्र येथे नवे नव्हते. ॲम्स्टरडॅमच्या राइक्सम्युझियममधील छत्रपती शिवाजी महाराजांचे चित्र साधारणपणे १६८० च्या सुमाराचे व गोवळकोंडा शैलीचे मानतात. मात्र अशा चित्रांतील रंग अपारदर्शक असून चेहरा बहुधा एकचश्मी (एकच डोळा दिसेल असा बाजूने काढलेला) असतो, आणि भाव रंगच्छटांपेक्षा रेषेवर अवलंबून असतो. छायाप्रकाशावर आधारलेली पारदर्शक पद्धत ब्रिटिश चित्रकारांबरोबर आली, असे एक मत आहे. जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार १७९१ मध्ये मुंबईस आला व पुढे पेशवे दरबारी काम करू लागला. पुण्यातील ब्रिटिश रेसिडेंट चार्ल्स मॅलेटच्या पुढाकाराने पुण्यात निघालेल्या चित्रशाळेत गंगाराम तांबट शिकला, हा त्यासाठी दिला जाणारा मुख्य पुरावा होय. परंतु वेल्सची गाजलेली दरबारी व्यक्तिचित्रे तैलरंगातील आहेत आणि तांबटची ख्याती प्रामुख्याने वेरूळच्या लेण्यांच्या चित्रांमुळे आहे. दुसऱ्या मतानुसार मोगल व दख्खनी चित्रकारांच्या हलक्या रंगछटा दिलेल्या रेखाचित्रांत या तंत्राचे बीज आढळते. तंत्र बाहेरून आले आणि चेहरा वाचण्याची सवय इथली होती, असे मानणे उपलब्ध चित्रांशी अधिक जुळते.

विसाव्या शतकात या माध्यमाचे सामर्थ्य सावळाराम लक्ष्मण हळदणकर (१८८२–१९६८) यांनी दाखवून दिले. म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातील त्यांचे दीपधारिणीचे जलरंगचित्र (१९४५–४६) अनेक वर्षे राजा रविवर्म्यांचे समजले जाई. प्रत्यक्षात हळदणकरांची मुलगी त्यासाठी उभी राहिली होती. सातारा जिल्ह्यात औंध संस्थानचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी (१८६८–१९५१) स्वतः चित्रकार होते. त्यांनी उभारलेले श्रीभवानी संग्रहालय व्यक्तिचित्रांच्या अभ्यासकाने अवश्य पाहावे. तेथील तैलचित्रांतूनही छायेची मांडणी शिकता येते.

तैलरंगात गडदावर फिकट रंग चढवता येतो. जलरंगात उजेड म्हणजे राखून ठेवलेला कोरा कागद. त्यामुळे क्रम फिकटाकडून गडदाकडे जातो आणि कपाळ, नाकाचा शेंडा व खालचा ओठ यांवरील प्रकाश कोठे सोडायचा, हे पहिल्या वॉशपूर्वीच (पातळ रंगाच्या सपाट थरापूर्वीच) ठरवावे लागते. रंग वाळल्यावर फिका होत असल्याने तो ओला असताना थोडा अधिक गडद लावतात. भावदर्शनाचा मर्मभाग कडांमध्ये आहे. ओल्या कागदावर गालाची छाया मानेत विरू दिली आणि केवळ पापणीची वा ओठांच्या कोपऱ्याची कड कोरडी, नेमकी ठेवली, तर पाहणाऱ्याची नजर तेथेच थांबते. सर्व कडा सारख्याच रेखीव राहिल्यास साम्य साधूनही चेहरा निर्जीव भासतो. नवशिका बहुधा डोळ्यांच्या तपशिलापासून सुरुवात करतो. डोळ्यांच्या खोबणीची एकसंध छाया आधी घालणे हितावह असते, कारण थकवा, संकोच किंवा करारीपणा बुबुळापेक्षा त्या छायेतून व भुवईच्या ताणातून व्यक्त होतो.

इंग्रजी परंपरेतील गुलाबी छटांची मिश्रणे येथील वर्णास पुरत नाहीत. बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) व यलो ऑकर (मातकट पिवळा) यांचा पाया, छायेसाठी अल्ट्रामरीन (गडद निळा) आणि सावळ्या कपाळावर किंवा गालफडावर पडणारे आकाशाचे निळसर प्रतिबिंब, अशी योजना अधिक खरी उतरते. माण, खटाव किंवा जत भागातील मेंढपाळाचा उन्हाने रापलेला चेहरा आणि मुंडाशाखालचे फिकट कपाळ यांतील फरक हा या दृष्टीने उत्तम धडा आहे. याच कोरड्या भागात उन्हाळ्यात वॉश झरझर वाळतो. म्हणून कागद दोन्ही बाजूंनी भिजवतात, किंवा बैठक सकाळी लवकर घेतात. महाबळेश्वर–जावळीच्या पावसाळ्यात उलट एक थर वाळेपर्यंत बराच काळ थांबावे लागते. तीनशे ग्रॅमचा (दर चौरस मीटरला) सुती कागद दोन्ही परिस्थितींत उपयोगी पडतो.

शासकीय एलिमेंटरी व इंटरमीजिएट रेखाकला परीक्षांत व्यक्तिचित्रणाचा स्वतंत्र विषय नसतो. शालेय विद्यार्थ्याचा जलरंगाशी परिचय वस्तुचित्र व स्मरणचित्र यांतून होतो. वाई–मेणवलीच्या घाटांवर निसर्गचित्रणाचा सराव पुष्कळ होतो. कलामहाविद्यालयांतील हेड स्टडीत (मस्तकचित्रणाच्या अभ्यासात) मात्र समोरच्या माणसाचा अभ्यास करावाच लागतो. छायाचित्रावरून काम करण्याची प्रथा सोयीची असली, तरी छायाचित्रात छाया काळवंडते व भाव गोठतो. त्यामुळे अल्पावधीच्या प्रत्यक्ष बैठकीस पर्याय नाही.

अलिझरिन क्रिमसनसारखे काही लाल रंग प्रकाशात उडतात व चेहऱ्याची ऊब नाहीशी होते. दमट हवेत कागदास बुरशीचे डाग पडतात. यासाठी चित्र काचेला न टेकेल अशा माउंटमध्ये (जाड पुठ्ठ्याच्या चौकटीत), थेट उन्हापासून दूर ठेवतात.