अंगठा सरकतोय? मासेमारीचं नवीन रील घेण्याआधी हे वाचा

‘रील बिघडलंय, दुसरं दाखवा,’ म्हणत दुकानात येणाऱ्या बऱ्याच जणांचं रील ठणठणीत असतं. सरकत असतो तो अंगठा. आणि अंगठ्याचा इलाज बहुतेक वेळा घरातच सापडतो, म्हणून हे पत्रक.

हे मल्टिप्लायर वापरणाऱ्यांसाठी आहे, म्हणजे ज्या रीलचा स्पूल (दोरी गुंडाळलेली फिरकी) रॉडला आडवा बसतो आणि फेकताना स्वतः गरगर फिरतो. स्पिनिंग रीलवाल्यांना अंगठ्याचा प्रश्न नसतो. त्यांची तर्जनी कापते, त्यासाठी बोटाचं टोपण घ्यावं, एवढं सांगून पुढे जातो.

रत्नागिरीजवळच्या भाट्याच्या वाळूवरून १५० ग्रॅमचं शिसं (दोरीला बांधलेलं वजन) जोर लावून फेकताना रॉड पुरता वाकतो. त्या क्षणी दोरीवर शिशाच्या वजनाच्या कितीतरी पट ताण असतो आणि तो सगळा स्पूलवर दाबलेला एकटा अंगठा पेलतो. तो जरा घसरला की स्पूल वेळेआधी सुटतो. उजव्या हाताने बाजूने फेकणाऱ्याचं शिसं उजवीकडे भरकटतं, डोक्यावरून फेकणाऱ्याचं आभाळात जातं. वर अंगठ्याची साल निघते आणि रीलवर दोरीचं घरटं होतं ते वेगळंच. सुट्टीच्या दिवशी किनाऱ्यावर पर्यटक असतात, तेव्हा भरकटलेलं शिसं ही हसण्यावारी नेण्याची गोष्ट नाही.

सरकतंय म्हणून ड्रॅगचा (मासा दोरी ओढू लागला की स्पूलला अडवतो तो) चांदणीसारखा नट आवळू नका. फेकण्यासाठी स्पूल मोकळा केला की आतल्या दातेरी चाकांशी त्याचा संबंध सुटतो. ड्रॅग कितीही घट्ट करा, अंगठ्याला मदत शून्य. ब्रेकचंही तसंच: ते गुंता कमी करतात, पकड वाढवत नाहीत.

आधी हात, मग दोरी

पहिला संशय तारलीवर घ्या. तारली किंवा माकूल कापून गरीला लावलं की बोटांना तेल आणि बुळबुळीतपणा राहतो, त्याच हाताने आपण स्पूल दाबतो. कमरेला जुना पंचा खोचा आणि दर फेकीआधी अंगठा कोरडा करा. उन्हाचं क्रीम लावणार असाल तर तो अंगठा सोडून लावा. वाळूत हात घासायची सवय मात्र मोडा. तीच वाळू पुढे रीलच्या बेअरिंगमध्ये जाते आणि मग दुरुस्तीला आमच्याकडे यावं लागतं.

बारीक ब्रेडवर (विणलेल्या दोरीवर) अंगठा टेकवाल तर तो घसरेल नाहीतर कापेल. अंगठ्याखाली नेहमी जाड तंगूसचा (नायलॉनच्या दोरीचा) लीडर, म्हणजे मुख्य दोरीच्या टोकाला जोडलेला मजबूत तुकडा, यायला हवा. दर २८ ग्रॅम शिशाला १० पौंड ताकदीची दोरी हा जुना हिशेब आजही चालतो. १५० ग्रॅमला ६० पौंडी घ्या. लांबी रॉडच्या दुप्पट, शिवाय स्पूलवर ६ ते ८ वेढे. हे वेढे कमी पडले तर पहिला झटका गाठीवर येतो. गाठ स्पूलच्या ज्या कडेला असेल, अंगठा त्याच्या उलट कडेला ठेवा, नाहीतर सुटताना ती कातडी ओरबाडते.

स्पूल काठापासून २-३ मिलिमीटर खाली भरलेला असावा. काठोकाठ भरला तर वरचे वेढे अंगठ्याखाली हलतात. फार रिकामा असला तर अंगठा पोचतच नाही. नुसता ब्रेड भरला असेल तर तळाशी थोडी तंगूस आहे का तेही पाहा. नसेल तर तुम्ही काठ कितीही घट्ट धरा, ब्रेडचा अख्खा गठ्ठा गुळगुळीत स्पूलवर आतून फिरतो.

सायकलची ट्यूब

रबरी टोपणं आम्ही विकतो. तरी आधी जुनी सायकल ट्यूब वापरून बघा. अंगठ्यावर घट्ट बसेल अशी ३-४ सेंटीमीटर रुंदीची नळी कापा. ट्यूबच्या आत पावडर असते, ती साबणाने धुऊन टाका. न धुता वापरून ‘ट्यूबही सरकते’ म्हणणारे गिऱ्हाईक आम्ही पाहिलेत. घट्ट म्हणजे बोट काळंनिळं पडेल इतकी नव्हे. चामड्याचं टोपण कोरडं असेपर्यंत छान, भिजलं की गुळगुळीत आणि खाऱ्या पाण्याने वाळलं की पापडासारखं. चिकटपट्टी तर दोन फेकींतच निघते.

अंगठ्याचं टोक नको, मांसल भाग आडवा दाबा, थोडा लीडरवर आणि थोडा स्पूलच्या काठावर. बाकीची बोटं खालून रॉडला गच्च वेढा, म्हणजे दाब दोन्ही बाजूंनी येतो. रबर घातल्यावर स्पर्श मंद होतो, त्यामुळे शिसं हवेत असताना काठाला नुसता हलका स्पर्श ठेवा आणि पाण्यात पडताच पूर्ण दाबा.

माडाची परीक्षा

किनाऱ्यावर जायच्या आधी परसात करून बघा. शिसं काढा, लीडर माडाच्या बुंध्याला बांधा, स्पूल मोकळा करून अंगठ्याने धरा आणि रॉड चांगला वाके तोवर हळूहळू मागे ओढा. इथे घसरला तर समुद्रावर घसरणारच. ट्यूब घालून पुन्हा ओढा, फरक लगेच कळेल.

एवढं करूनही सरकत असेल तर रील रॉडसकट घेऊन या. पुष्कळदा रील हाताच्या मानाने मोठं असतं किंवा रॉडवर चुकीच्या उंचीला बसवलेलं असतं. जागा बदलून देण्याचे आम्ही पैसे घेत नाही. ट्यूबचा तुकडाही हवा तर काउंटरवर मागा, डबाभर कापून ठेवलेत.