कोंबड्यांच्या दाण्यावर येणारी पाखरे

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात, विशेषतः जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला, सकाळी परसात कण्या फेकल्या की गावठी कोंबड्यांच्या पाठोपाठ चिमण्या, होले आणि साळुंक्या उतरतात, आणि उकिरड्यावर उकरणाऱ्या कोंबडीच्या मागे-मागे गायबगळाही फिरू लागतो. दाण्याची ओढ तर आहेच, पण कोंबडीचे उकरणेही या पाखरांना हवे असते. चिमणीला किंवा साळुंकीला शेणकुटाचा घट्ट थर उलटवता येत नाही. कोंबडी तो दोन पायांनी मागे उडवते, एक पाऊल मागे सरून खाली पाहते, आणि तिच्या नजरेतून सुटलेली अळी शेजारचा पक्षी उचलतो. चरणाऱ्या म्हशीच्या पायांतून उडणारे टोळ टिपणारा बगळा इथेही तोच व्यवसाय करतो.

या सोबतीचा कोंबडीलाही उपयोग होतो. आकाशातून येणारी घार किंवा शिक्रा आणि जमिनीवरून येणारे मुंगूस किंवा कुत्रा यांच्यासाठी कोंबड्या वेगवेगळे इशारे देतात, हे प्रयोगांतून चांगले सिद्ध झाले आहे. शिकारी पक्षी दिसला की बारीक, लांबट आवाज निघतो आणि बाकीच्या कोंबड्या दबून बसतात किंवा आडोशाला पळतात. जमिनीवरच्या शत्रूसाठी मात्र तुटक, मोठा कलकलाट होतो आणि त्या माना ताठ करून चहूकडे पाहू लागतात. इशारा ऐकला की वर पाहताना कोंबडी मान तिरकी करून एकच डोळा आभाळाकडे लावते, कारण तिचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात. कोतवालासारखा पक्षी जवळच्या तारेवर असेल तर त्याचा ओरडाही सर्वांच्या कामी येतो. दुसऱ्या जातीचा इशारा ओळखून सावध होणे पक्ष्यांत सर्रास आढळते.

घाटाच्या कुशीतल्या गावांत या मंडळींत आणखी एक पाहुणा असतो, तो म्हणजे राखी रानकोंबडा. भीमगड अभयारण्याच्या आसपास पहाटे त्याची तुटक बांग ऐकू येते आणि कधीकधी तो रानालगतच्या शेतात दाणे टिपायलाही उतरतो. पाळीव कोंबडीचा मुख्य पूर्वज लाल रानकोंबडा असला, तरी २००८ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासात असे दिसले की पाळीव कोंबड्यांच्या पिवळ्या कातडीचे जनुक या राखी रानकोंबड्याकडून आलेले आहे. परसातल्या कोंबडीचे पिवळे पाय हा केवळ भारतात आढळणाऱ्या पक्ष्याशी जुन्या काळी झालेल्या संकराचा पुरावा आहे, ही गोष्ट मला फार विलक्षण वाटते. असा संकर आजही होऊ शकतो. पाळीव जनुके रानात मिसळली तर मूळ जातीचे नुकसान होईल, म्हणून रानालगतच्या घरांनी कोंबड्या संध्याकाळी खुराड्यात घेतलेल्या बऱ्या.

आता रोगांविषयी. चिमण्या आल्या म्हणजे रोग आला, अशी सरसकट भीती बाळगण्याचे कारण नाही. रक्ती हगवण घडवणारे कॉक्सिडिया हे परजीवी यजमानाच्या बाबतीत फार चोखंदळ असतात. चिमणीचे कॉक्सिडिया कोंबडीला लागत नाहीत. उवांचेही बहुतांशी तसेच. रात्री रक्त पिऊन दिवसा फटींत लपणारे लाल माइट मात्र असा भेद करत नाहीत, त्यामुळे खुराड्याच्या छपरात चिमण्यांची जुनी घरटी असतील तर ती विणीचा काळ संपल्यावर काढून टाकावीत.

राणीखेत, म्हणजे आपल्याकडची मानमोडी, हा खरा शत्रू. पारव्यांमध्ये या रोगाच्या विषाणूचा एक वेगळा प्रकार फिरत असतो आणि तो कोंबड्यांना लागू शकतो. कावळे व चिमण्या पायांना लागलेल्या विष्ठेतून विषाणू एका परसातून दुसऱ्या परसात नेऊ शकतात. तरीही माझ्या मते आपल्या भागात पाखरांपेक्षा आठवडी बाजारातून आणलेली कोंबडी जास्त धोक्याची ठरते, कारण रोग शरीरात शिरल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत साधारण दोन ते पंधरा दिवस जातात आणि तेवढ्या काळात ती सर्वांबरोबर जेवून मोकळी होते. तिला तीन आठवडे वेगळ्या डालग्याखाली ठेवणे हे चिमण्या हाकण्यापेक्षा कितीतरी उपयुक्त आहे. राणीखेत टाळण्यासाठी पिलांना पहिल्या आठवड्यात लासोटा लसीचा थेंब डोळ्यात घालतात आणि पुढे आठव्या आठवड्याच्या सुमारास आर-टू-बी लस टोचतात. लसीच्या एका कुपीत शंभर किंवा त्याहून अधिक मात्रा असतात आणि ती कालवल्यावर काही तासांतच संपवावी लागते, म्हणून पाच-दहा कोंबड्यांच्या धन्याने गल्लीतल्या सर्वांना जमवून एकाच दिवशी लस देणे सोयीचे पडते.

बर्ड फ्लूची गोष्ट वेगळी. भारतात तो प्रथम २००६ साली नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला पाळीव कोंबड्यांत आढळला. या विषाणूंचे नैसर्गिक आश्रयस्थान बदके आणि पाणथळीचे इतर पक्षी हे आहे. विषाणू त्यांच्या विष्ठेतून पाण्यात उतरतो आणि थंड पाण्यात बराच काळ टिकतो. हिवाळ्यात हिडकल जलाशयावर आणि गोकाकजवळच्या धुपदाळ बंधाऱ्यावर स्थलांतरित पक्षी उतरतात. त्या काठच्या गावांनी कोंबड्यांना जलाशयाचे न उकळलेले पाणी पाजू नये, आणि पाळीव बदके जलाशयात सोडत असल्यास ती कोंबड्यांत मिसळू देऊ नयेत. एकाएकी बऱ्याच कोंबड्या मेल्या तर त्या सोलू नयेत, ओढ्यात टाकू नयेत, पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवावे. ७० अंश सेल्सिअसला हा विषाणू मरतो, त्यामुळे पूर्ण शिजलेल्या अंडी-मटणाची धास्ती घेण्याचे कारण नाही.

एवढे असले तरी रोगाची वाट एकेरी नाही. कोंबड्यांना श्वसनाचा विकार जडवणारा एक मायकोप्लाझ्मा जिवाणू १९९४ साली अमेरिकेत हाउस फिंच या रानपक्ष्यात आढळला आणि पुढे त्यांच्यात डोळे सुजवणारी साथ पसरली. आपल्याकडे कोंबडीच्या पोटातल्या हेटेराकिस जंतांच्या अंड्यांतून हिस्टोमोनास हा सूक्ष्म परजीवी बाहेर पडतो. कोंबडीला त्याचा सहसा फारसा त्रास होत नाही, पण मोराच्या यकृताला आणि आतड्याला तो जबर इजा करतो. ती अंडी मातीत वर्षानुवर्षे तग धरतात, म्हणून मोर येतात त्या शेतात कोंबडखत टाकायचे झाल्यास ते ढीग लावून, आतून चांगले तापेपर्यंत कुजवूनच टाकावे.