ओव्हरीच्या गाठीचं ऑपरेशन ठरलंय आणि शुगरही आहे? तपासणीला रक्त देण्याआधी हे वाचा

सोनोग्राफीत ओव्हरीची गाठ दिसली, सर्जननी ऑपरेशन सांगितलं, पेशंट सत्तरीच्या आणि शुगर जुनी. रामबाग, राजेंद्रनगर, सुदामानगर भागातून असे नमुने आमच्या लॅबमध्ये नेहमी येतात, आणि बऱ्याच घरांत एकच चूक होते. रिपोर्ट चांगला यावा म्हणून आईला किंवा आजींना दोन-तीन दिवस जवळजवळ उपाशी ठेवतात. भात बंद, पोळी अर्धी. काही जण तर गोळीही स्वतःच्या मनानं वाढवतात. हे कृपया करू नका.

असं केलं की उपाशीपोटीची शुगर छान येते, पण एचबीए१सी, म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांची शुगर सांगणारी तपासणी, वाढलेलीच दिसते. मग भूलतज्ज्ञ आणखी काही दिवसांची शुगर बघायला मागतात आणि ऑपरेशनला फिट असल्याचा दाखला लांबतो. त्याहून मोठा धोका आजींना आहे. ग्लिमेपिराइडसारखी शुगर उतरवणारी गोळी घेऊन पोटात काही गेलं नाही, तर शुगर एकदम खाली येते. म्हातारपणी घाम, थरथर अशी लक्षणं ठळक दिसतीलच असं नाही. माणूस गोंधळतो, तोल जाऊन पडतो. ऑपरेशनच्या तोंडावर मांडीचं हाड मोडणं कुणालाच परवडणार नाही.

एचबीए१सी म्हणजे लाल पेशींना चिकटलेली साखर. या पेशी साधारण १२० दिवस जगतात, म्हणून हा आकडा मागच्या दोन-तीन महिन्यांचा हिशेब सांगतो. चार दिवसांच्या पथ्यानं तो हलत नाही. ‘आठवड्यानं परत करून द्या’ असं म्हणणाऱ्यांना आम्ही नाही म्हणतो, कारण तो खर्च वाया जातो. मात्र नुकतंच रक्त चढवलं असेल किंवा हिमोग्लोबिन कमी असेल तर आधी सांगा, कारण हा आकडा त्यामुळे चुकू शकतो.

आकडा जास्त आला म्हणजे ऑपरेशन रद्द, असंही समजू नका. ठरवून करायच्या ऑपरेशनला तो शक्यतो ८ टक्क्यांच्या खाली असावा, असं अमेरिकन डायबेटिस असोसिएशन सांगते. पण गाठ कॅन्सरची असण्याची शंका असेल तर डॉक्टर तीन महिने थांबत नाहीत. इन्सुलिन देऊन ऑपरेशनच्या सुमारास शुगर १०० ते १८० मध्ये ठेवायचा प्रयत्न करतात. त्यासाठी त्यांना आजींचं रोजचं, खरं चित्र हवं असतं. म्हणून रोजचं जेवण, रोजची औषधं तशीच ठेवा. रात्रीच्या जेवणानंतर ८ ते १० तास उपास, पाणी चालेल, चहा नको. नमुना दिला की नाश्ता आणि नेहमीची गोळी किंवा इन्सुलिन. पोहे रोजचे असतील तर पोहेच खा, त्या दिवसापुरती जिलेबी राहू द्या. नाश्त्यानंतरचा दुसरा नमुना दोन तासांनी घेतात; ते दोन तास पहिल्या घासापासून मोजायचे, हात धुतल्यापासून नाही.

गोळ्यांच्या पट्ट्या सोबत आणा, नुसतं ‘शुगरची पांढरी गोळी’ सांगून भागत नाही. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्या साखर लघवीतून बाहेर टाकतात. रक्तातली शुगर बरी आणि लघवीत साखर भरपूर, असा रिपोर्ट आला की लोकांना लॅब चुकली असं वाटतं. लॅब चुकलेली नसते, ते त्या गोळीचंच काम आहे. या गोळ्या मोठ्या ऑपरेशनच्या किमान ३ दिवस आधी थांबवतात, नाहीतर शुगर फारशी वाढलेली नसतानाही रक्तात आम्ल साठू शकतं. थांबवायचं मात्र डॉक्टरांनी सांगितल्यावरच. आजी अशी गोळी घेतात हे सर्जन आणि भूलतज्ज्ञ दोघांच्या कानावर घाला.

सीए-१२५ या ओव्हरीच्या गाठीसाठी होणाऱ्या रक्ततपासणीबद्दलही सगळे विचारतात. ३५ च्या वर म्हणजे कॅन्सरच असं नाही, पोटाच्या टीबीत आणि लिव्हरच्या आजारातही तो वाढतो. उलट, सुरुवातीच्या कॅन्सरमध्ये तो नॉर्मलही असू शकतो. पाळी गेलेल्या बाईत सोनोग्राफीशी जोडून वाचला तरच त्याला अर्थ. म्हणूनच काही त्रास नसलेल्या बायकांच्या चेकअप पॅकेजमध्ये आम्ही तो घालत नाही. ब्रिटनमध्ये २ लाखांवर बायकांची वर्षानुवर्षं तपासणी झाली, आणि अशा चाळणीनं मृत्यू कमी झाले नाहीत हे २०२१ साली स्पष्ट झालं.

शुगरचा नमुना आम्ही फ्लोराइडच्या बाटलीतच घेतो. साध्या बाटलीत पेशी साखर खात राहतात आणि आकडा तासागणिक उतरतो. आजींना जिना उतरणं जड जात असेल तर आमचा माणूस सकाळी घरी येईल आणि नाश्त्यानंतरच्या नमुन्यालाही तोच परत येईल, दुसऱ्या फेरीचे पैसे नाहीत. फक्त आदल्या संध्याकाळी फोन करा, आणि ऑपरेशनची तारीख त्याच वेळी सांगा.