टेस्टिंगचे तास कुणाच्या वाट्याला?

सॉफ्टवेअरच्या रिलीजची तारीख ठरलेली, टेस्टर मोजके आणि मॉड्यूल, म्हणजे त्याचे वेगवेगळे भाग, डझनभर. कुठल्या मॉड्यूलला किती तास द्यायचे हे बऱ्याचदा मीटिंगमध्ये ज्याचा आवाज मोठा तोच ठरवतो. हा प्रश्न गणितात मांडता आला तो अमृत गोयल आणि काझू ओकुमोतो यांच्या १९७९च्या मॉडेलमुळे. टेस्टिंग वाढत जाते तसतसे बग (प्रोग्रॅममधल्या चुका) सापडण्याचे प्रमाण घटत जाते, असे हे मॉडेल सांगते. त्याला दोनच आकडे लागतात: एकूण बग किती आणि ते किती चटकन सापडतात.

१९९०मध्ये ओहतेरा आणि यामादा यांनी याच धर्तीच्या मॉडेलवर टेस्टिंगच्या वाटणीचे गणित मांडले. त्यातून निघणारी उत्तरे कधीकधी चक्रावून टाकतात. समजा, एका मॉड्यूलमध्ये ४० बग आहेत आणि उरलेल्यांपैकी साधारण ५ टक्के दर तासाला सापडतात. दुसऱ्यात १०० बग, पण वेग १ टक्का. हाताशी दहाच तास. सुरुवातीला पहिल्यात ताशी २ बग मिळतात, दुसऱ्यात १. पहिल्याचा वेग ताशी १ बगवर उतरायला जवळपास १४ तास लागतात. म्हणजे दहाही तास पहिल्यालाच, शंभर बगवाल्याला शून्य! (हे क्लायंटला कोण सांगणार?)

नुसते उरलेले बग मोजायचे तोवर हे सूत्र पुरते. पण काही मॉड्यूल एकामागून एक चालणारी, काही एकमेकांना पर्याय असलेली, आणि विश्वासार्हता हवी ती पूर्ण सिस्टिमची, असे झाले की गणित हाताबाहेर जाते. म्हणून २००३मध्ये दाई, शिये, पोह आणि यांग यांनी जेनेटिक अल्गोरिदम, म्हणजे उत्क्रांतीची नक्कल करत उत्तर शोधणारी पद्धत, वापरला. तासांची प्रत्येक वाटणी म्हणजे एक गुणसूत्र. चांगल्या वाटण्यांचा संकर करायचा, मधूनच एखादा आकडा बदलायचा, कमकुवत वाटण्या गाळायच्या.

माझ्या मते खरे वळण त्यानंतरचे. तेव्हा आयआयटी कानपूरमध्ये असलेले कल्याणमय देब आणि सहकाऱ्यांचा एनएसजीए-२ हा अल्गोरिदम २००२मध्ये प्रसिद्ध झाला होता. तो एकच उत्तर न देता तडजोडींचा संच पुढे ठेवतो. २०१०मध्ये वांग, तांग आणि याओ यांनी या प्रश्नाला अशाच बहुउद्देशीय पद्धती लावल्या. विश्वासार्हता आणि खर्च यांची आधीच मोट बांधायची गरज उरली नाही. किती पैशांत किती भरवसा, हे मॅनेजर समोर पाहून निवडू शकतो.

मूळचे ते दोन आकडे मात्र अंदाजच राहिले. ते चुकले तरी वाटणी फार कोसळू नये, यावर पुढच्या दशकातल्या संशोधकांनी भर दिला.